एक वाजून दहा मिनिटांनी

३ नोव्हेंबर

दादा,

काल मला शाळेत पकडलं. भिंगरीला नाही, मला.

दोन वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात ही अशी. 'कसा आहेस, वहिनी कशी आहे' असं लिहून आधी तीन कागद फाडले. फोन करणार होते. पण तू उचलला नसतास तर वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतास तर बोलायचं काय? कागद निदान फाडून पुन्हा लिहिता येतो.

तर झालं असं. या वर्षीपासून शाळेने गृहपाठासाठी मोबाइलवर एक ॲप सुरू केलंय. प्रत्येक विषयाचं काम त्यात येतं, ते कधीपर्यंत द्यायचं ती तारीख येते. काम दिलं की चौकट हिरवी, तारीख उलटली की लाल. मुलांच्या फोनवर दिसतं तसं पालकांच्याही दिसतं. तू गणित शिकवायचास तेव्हा मुलांकडून वहीच्या मागच्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारून घ्यायचास ना, तेच हे. फक्त हे खिशात बसून दिवसभर टुणटुण करतं.

भिंगरी आता आठवीत आहे. पहिल्या दोन महिन्यांत तिच्या नावासमोर लालच लाल. मी लॅबमध्ये कवळीचे दात मेणात बसवत असायचे आणि फोन वाजायचा. 'भूगोल, मुदत संपली.' एक दात बसवावा, तर पुन्हा, 'विज्ञान, मुदत संपली.' घरी येऊन विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "करतेय ना आई, दहा मिनिटांत होतंय." तिची दहा मिनिटं तुला ठाऊकच आहेत. दहा मिनिटांत येते म्हणून आंघोळीला गेली की आपण घरातली तीन कामं उरकून घ्यावीत.

हे जहाजावर. वर्षातले सात महिने घरात आम्ही दोघीच. शेवटी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवला, विज्ञानाचे चार प्रश्न स्वतःच टाइप केले आणि तिच्या नावाने पाठवून दिले. तिचा पासवर्ड मीच तर ठेवला होता. चौकट हिरवी झाली. खोटं कशाला बोलू दादा, इतकं हलकं वाटलं! मग असं पाच-सहा वेळा केलं असेन.

काल वर्गशिक्षिका बाईंनी बोलावलं. लहानखुऱ्या आहेत, चष्मा सारखा घसरतो. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"हे काम आलं दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. हे एक बाराला. हे एक आठला. त्या वेळी तुमची मुलगी माझ्यासमोर डबा खात असते आणि वर्गातले सगळे फोन माझ्या कपाटात असतात. मग हे पाठवतं कोण?"

घड्याळ पुढे असेल, नेटवर्कचा घोळ असेल, काय काय जिभेवर येऊन गेलं. तोंडातून निघालं, "मीच."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "बरं झालं बोललात. मी आता तासभर नेटवर्कवर ऐकायची तयारी करून बसले होते."

हसू नकोस. हसलास तरी चालेल. शाळेच्या पायऱ्या उतरताना मलाही हसू आलं, आणि लगेच रडू. पण ते बरं वाटण्याचं रडू होतं. किती दिवस मान आखडून चालत होते, ते तेव्हा कळलं.

दोन वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, "तिची कामं तू करायचं थांबव, नाहीतर तिला वेळेचा अंदाज कधीच यायचा नाही." त्यावर मी काय बोलले ते तुझ्या लक्षात असेल. माझ्याही आहे. त्याबद्दल आज लिहवत नाही.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

धाकटी


१२ नोव्हेंबर

दादा,

मागच्या पत्रात पाच-सहा लिहिलं ते खरं नव्हतं. तेवीस. बाईंनी यादी छापून हातात दिली. पोस्टात पत्र टाकून वळले तेव्हापासून ते 'पाच-सहा' बोचत होतं. तुलाही खोटंच लिहायचं तर दोन वर्षांनी पत्र लिहिलं तरी कशाला?

आणि त्या तेवीसमधल्या एकाबद्दल सांगायचंय.

भिंगरीला पहिल्यापासून माहीत होतं. चौकट तिच्याही फोनवर हिरवी व्हायची ना! पण ती काही बोलली नाही, मीही नाही. एका घरात, एका टेबलाशी जेवत, दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. तिला पासवर्ड बदलता आला असता. तिने बदलला नाही, आणि मी त्याचा अर्थ सोयीचा लावला.

मग निबंध आला. 'मला जवळची वाटणारी व्यक्ती.' मी लॅबमध्ये बसून लिहिला. एका सुट्टीत संपेना, दोन दिवस लागले. पॉलिशवाले काका म्हणाले, "मोबाइलमध्ये बघून रडताय काय, सिनेमा आहे का?" मी म्हटलं, प्लास्टरची धूळ गेली डोळ्यांत.

बाईंना तो इतका आवडला की त्यांनी वर्गात वाचून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून भिंगरीच्या पोटात दुखायला लागलं. तीन दिवस शाळा नाही. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, म्हणाले काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी तिचं पांघरूण ओढायला गेले तर ती जागीच होती.

"आई, शेजारच्या बाकावरची म्हणाली, तू किती छान लिहितेस, मलाही शिकव. मी काय शिकवू तिला?"

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"मामाने सायकलची सीट सोडली आणि सांगितलंच नाही, आणि तू आपली बोलत बोलत गल्लीच्या टोकापर्यंत एकटीच गेलीस. ते तुझं आहे. मला मामाने सायकल शिकवलीच नाही. तुला त्याची एवढी आठवण येते तर त्याला लिही ना. माझ्या नावावर कशाला लिहितेस?"

मी तिच्या पायांशी बसून राहिले. कामाला उशीर झाला. खूप वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून ही पत्रं, दादा. मला आपणहून सुचलेली नाहीत. लेकीने सुनावलं म्हणून लिहितेय.

धाकटी


३० नोव्हेंबर

दादा,

तुझं पाकीट आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर, आणि आत चार शब्द. 'तेवीस कामांचं काय ठरलं?'

भिंगरीला दाखवलं तर ती लोळून हसली. म्हणाली, "मामा अजून तसाच आहे." मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवलाय.

ठरलं ते असं. तेवीसच्या तेवीस रद्द. दहा जानेवारीच्या आत सगळी तिने स्वतः करून द्यायची, शिवाय रोजचं नवीन काम आहेच. नाही जमलं तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, पुन्हा आठवी. भिंगरीचा पासवर्ड बदलला आणि बाईंनी माझ्या फोनवरून ॲप काढायला लावलं, त्यांच्या टेबलासमोर, त्यांच्या देखत. मी म्हटलं, "निदान लाल-हिरवं तरी दिसू दे." त्या म्हणाल्या, "तेच नको. तिच्याआधी तुम्हाला दिसतं, म्हणून तिला बघावंच लागत नाही."

त्या ॲपमध्ये एक सोय होती. आमच्यापैकी कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. काम सुरू करण्याआधी किती वेळ लागेल तो अंदाज टाकायचा, मग घड्याळ चालू करायचं, संपलं की बंद. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसतात. बाईंनी भिंगरीला सांगितलं, "मला मार्क नकोत, मला हे दोन आकडे हवेत. रोज."

पहिल्या दिवशी तिने नकाशा घेतला. अंदाज दहा मिनिटं. लागला सव्वा तास. नद्या निळ्या करता करताच रडायला लागली. मी स्वयंपाकघरात, हातात फडकं, ओट्याचा तोच कोपरा पुसतेय. आत जाऊन दोन नद्या रंगवून देणं म्हणजे मला काय होतं! नाही गेले.

दुसऱ्या दिवशी गणित. तुला वाईट वाटेल, पण त्या गणितांच्या भीतीने ती आठवडा आठवडा दप्तर उघडायची नाही. अंदाज टाकला दोन तास. थोड्या वेळाने फोन घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, हे बिघडलंय. बावीस मिनिटं दाखवतंय."

"किती झाली गणितं?"

"सगळी."

तिला पटेना. परत जाऊन पुढचा संच घेतला. पंचवीस मिनिटं. मग कितीतरी वेळ ती त्या आकड्यांकडे बघत उभी राहिली. तो चेहरा तू बघायला हवा होतास.

"म्हणजे मी ढ नाहीये. माझा अंदाजच खोटा आहे."

दादा, तेरा वर्षांची पोर. स्वतःला ढ समजत होती हे मला माहीतच नव्हतं. आणि मी तिची कामं करून करून तिला रोज तेच सांगत होते.

आता ती कामं स्वतः मांडते. ज्याला कमी वेळ लागतो पण भीती जास्त वाटते ते आधी. नकाशे, आकृत्या रविवारी, ऐसपैस. आज दुपारपर्यंत सात झाली.

एक गोष्ट मला परवा कळली. निबंधाच्या गोंधळानंतर शाळेत गेली त्या पहिल्याच दिवशी भिंगरी बाईंकडे गेली होती. एवढंच म्हणाली, "बाई, माझी कामं किती वाजता येतात ते एकदा बघा ना." बाईंनीच सांगितलं, सहज, मला ठाऊक असेल असं धरून. आधी माझ्या अंगाची लाही लाही झाली. आपल्याच लेकीने आपल्याला पकडून द्यावं! घरी येईपर्यंत राग ओसरला. चपला काढताना वाटलं, बरी धीट निघाली. तिला काही विचारलं नाही.

धाकटी


१८ डिसेंबर

दादा,

सगळं गोडगोड लिहीत गेले तर तू म्हणशील, ही पुन्हा हिरव्या चौकटी पाठवतेय. म्हणून हेही सांगते.

गेला आठवडा वाया गेला. तिला सर्दी झाली, मग मैत्रिणीशी भांडण, मग नुसतंच लोळणं. नऊ कामं अजून बाकी. काल संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, एकच कर ना. फक्त इतिहास. या वेळी संध्याकाळी पाठवू, बाईंना कळणार पण नाही."

उत्तर माझ्या डोक्यात तयार होतं, दादा. पाच कारणं विचारली होती, मला सहा येत होती. पंधरा मिनिटांचं काम. म्हटलं, "नाही."

"मग मला पुन्हा आठवीत बसव!" म्हणून तिने दार असं आपटलं की कॅलेंडर खाली पडलं. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. वरच्या मजल्यावरच्या आजी विचारायला लागल्या, किल्ली हरवली का. हो म्हटलं. बसल्या त्याही माझ्या शेजारी, किल्ली सापडेपर्यंत सोबत म्हणून. त्यांना आता काय सांगणार!

अर्ध्या तासाने दार उघडलं. डोळे सुजलेले. म्हणाली, "करू नकोस. नुसती शेजारी बस."

बसले. मी माझ्या ब्लाउजला हूक शिवत, ती इतिहास लिहीत. अंदाज चाळीस मिनिटं, लागली एकेचाळीस. दोघींनी एकदमच घड्याळाकडे बघितलं.

हे झालं, आणि त्यानंतर मला वाटलं की आता तेही लिहिता येईल.

त्या दिवशी तुझ्या घरी तू समजावत होतास, आणि मी म्हणाले, "तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार?" तू उठून गॅलरीत गेलास. मी भिंगरीचा हात धरून निघाले. नंतर मी यांना सांगितलं, आत्याला सांगितलं, सगळ्यांना सांगत आले की मी चिडून दादाला बोलले, वहिनी तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं.

माहीत होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात धुतलेल्या कपबशा. मला दिसली. मला दिसली आणि तरी मी बोलले. तिच्यासमोर बोललं तरच तुला लागेल, म्हणून बोलले. तिने त्या कपबशा इतक्या हळू खाली ठेवल्या की आवाजच झाला नाही. तो न झालेला आवाज मी दोन वर्षं ऐकतेय.

हे पत्र तिला वाचायला दे. माफी मागितली की माणूस समोरच्याकडून काहीतरी मागतोच, म्हणून मी मागत नाही. फक्त तिला कळू दे की मी सगळ्यांना खोटं सांगत आले, आणि तिने पाहिलं तेच खरं होतं.

धाकटी


१७ जानेवारी

दादा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर यातलं सगळं तुला भिंगरीकडून कळलेलं असेल, तिखटमीठ लावून. तरी लिहिते. सवय झालीय, आणि आज लॅबमध्ये हात चालत नाहीयेत.

नऊ तारखेला शेवटचं काम गेलं. तो निबंधच तिने शेवटी ठेवला होता. अंदाज एक तास, लागले तीन दिवस. कोणावर लिहिला मला माहीत नाही. तिने दाखवला नाही, मी मागितला नाही. बाई फाटकाशी भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "याला टाळ्या नाही पडायच्या. खाडाखोड पुष्कळ आहे. पण तिचा आहे." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. परीक्षेच्या यादीत तिचं नाव लागलं. मी ते फाटकावरच्या फळ्यावर दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून.

आणि मग वहिनीचं पत्र आलं. मला नाही, भिंगरीला. 'चार दिवस सुट्टी आहे असं ऐकलं. येतेस का? एकटी येता येईल का?' खाली तुमचा पत्ता, जणू आम्हाला तो माहीतच नाही.

एकटी येता येईल का! पोरीने त्या प्रश्नाचा असा काही फडशा पाडला की विचारू नकोस. चार दिवस आधी सगळं ॲपमध्ये मांडलं. बॅग भरणं, चाळीस मिनिटं. स्टँडपर्यंत चालत, पंचवीस. तिकीट, पंधरा. वर 'काहीतरी विसरलं म्हणून परत येणं' यासाठी वीस मिनिटं वेगळी राखून ठेवली. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाली, "मी मला ओळखते ना आता."

आज सकाळी सातला निघायचं होतं, सात पाचला निघाली. जिन्यातून परत आली, पाण्याची बाटली घेतली, पुन्हा गेली. मी खिडकीतून बघत राहिले. वळली नाही, घाईत होती. मी स्टँडवर गेले नाही. मला नको म्हणाली होती.

मग लॅबमध्ये आले. अकरा वाजेपर्यंत फोन उलटा ठेवला. साडेअकराला गाडी पोचायची. पावणेबारा झाले. काका म्हणाले, "ताई, त्या एकाच दाताला किती घासाल? म्हातारबाबांच्या तोंडात दिवा लागेल."

बाराला फोन वाजला. तुझा नंबर, म्हणून मी 'दादा' म्हणाले.

"मी बोलतेय," वहिनी म्हणाली.

मी हातातली कवळी खाली ठेवली.

"पोचली गं. गाडी थोडी उशिरा आली. तुझा दादा तासभर आधीच जाऊन उभा होता, आता पाय धरून बसलाय. ती जेवतेय." मग म्हणाली, "पत्र वाचलं मी. दोनदा वाचलं. राग गेला असं नाही म्हणणार. पण मला दोन वर्षं वाटत होतं, आपलाच गैरसमज असेल, तू मला खरंच बघितलं नसशील. तेवढं एक डोक्यातून गेलं. बरं केलंस लिहिलंस."

तिनेच विषय बदलला.

"बरं, ही म्हणतेय चार वाजता तिला विज्ञानाचं काहीतरी लिहायचंय आणि वही राहिली घरी. कोऱ्या कागदावर लिहिलं तर चालतं का तुमच्या शाळेत? समास सोडायचा का? की वहीच आणू खालच्या दुकानातून?"

"तिलाच विचार वहिनी. मला खरंच माहीत नाही."

मग वहिनी हसायला लागली. तिचं ते नाकातून येणारं हसू मी विसरलेच होते. "तुला माहीत नाही? तुला?"

"नाही गं. काहीच माहीत नसतं आता."

"थांब, बोलावते तिला, बोल तिच्याशी."

"नको, जेवू दे तिला. तू बोल."

अर्धा तास बोललो आम्ही. तुझ्या गुडघ्यांबद्दल, तिच्या नवीन नोकरीबद्दल, यांच्या जहाजाबद्दल, काही नाही त्याबद्दल. मालक दोनदा दारातून डोकावून गेले. ती कवळी आज संध्याकाळपर्यंत द्यायची होती, आता उद्या जाईल. म्हातारबाबांना एक दिवस आणखी पातळच खावं लागेल. मी त्यांना स्वतः फोन करून तसं सांगितलं, तर म्हणाले, "सावकाश होऊ द्या बाई, मला कुठे जायचंय?"

धाकटी